टपावरच्या दोन होड्या

आमच्या इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मंडळींकडे होड्यांचे एवढे किस्से साठलेत, की कुणाकडे नुसतं हळदीकुंकवाला गेलं तरी हातात बशी यायच्या आधी एक किस्सा बाहेर येतो. सांगणारा नेहमी नितीन. हसणारे सगळे. मीसुद्धा हसते. पण मी ते सगळं गाडीच्या मागच्या सीटवरून बघितलंय, आणि तिथून ते जरा वेगळं दिसतं.

*

पहिला किस्सा गाडीचाच. नितीन आयटीत आहे आणि त्याला सेकंडहँड वस्तूंचं वेड. त्याने एक पिकअप घेतली आणि एक भलामोठा ट्रेलर. साधी कॅरव्हॅन गाडीच्या मागे जोडतात. ह्या ट्रेलरची मान पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यातच येऊन बसते. फिफ्थ व्हील म्हणतात त्याला. वर दोन कयाक फुकट मिळाल्या, म्हणजे लांबुळक्या होड्या. हौद्यात ट्रेलरची मान, मग होड्या ठेवायच्या कुठे? टपावर!

पहिल्याच राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, नितीनने वळण घेतलं आणि धाडकन आवाज आला. होड्यांची शेपटं मागे आलेली, ट्रेलर वळला तो थेट त्यांच्यावर! आणि आमच्या गावात राउंडअबाउट सोडून दुसरं आहे काय? घरी येईपर्यंत दर वळणाला धाडकन, धाडकन. नितीनची बायको केतकी म्हणाली, "समुद्र राहिला लांब, आपली होडी रस्त्यातच फुटली!"

त्या दिवसापासून स्टिअरिंग आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे गावाकडे ट्रक चालवायचे. त्यांनी होड्या पुढे सरकवून बांधल्या, टोकं बॉनेटवर आली, मागचा आवाज बंद. नितीन खूश! भेटेल त्याला सांगायला लागला, "विलास घाट उतरलेला माणूस आहे. डोळे मिटून चालवेल!"

*

हा दुसरा किस्सा नितीन सांगत नाही, कारण तो त्याला माहीतच नाही.

हे सकाळी चहा गाळत होते. गाळता गाळता थांबले. डोळे उघडे, हात तसाच वाकडा, कप भरून चहा ओट्यावरून खाली चाललेला. मी हाक मारली. परत मारली. मग एकदम म्हणाले, "काय गं, ओरडतेस कशाला?"

पाय भाजला होता. त्यांना ते नंतर कळलं.

मी म्हटलं, "अहो, डॉक्टरला दाखवू या."

"दाखवलं की लायसन्स काढून घेतील."

हे केअरचं काम करतात. म्हाताऱ्या माणसांना उठवायला, अंघोळ घालायला ह्या घरून त्या घरी गाडीने जायचं. गाडी नाही तर काम नाही. काम नाही तर व्हिसा नाही. माझा हात त्यांनी आमच्या मनूच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, कुणापाशी बोलायचं नाही. मनू पाच वर्षांची. ती म्हणाली, "आई, माझे केस ओढू नको."

शपथ न बोलण्याची होती. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

*

एकदा मोटरवेला लागलो आणि टपावरून घूंऽऽ घूंऽऽ सुरू झालं. नितीन पुढे ह्यांच्या शेजारी, आम्ही तिघी मागे. केतकीला वाटलं, इंजिन गेलं. वाटेतल्या सर्व्हिसेसला, पेट्रोल-चहाच्या थांब्याला थांबलो तर तिथले एक गोरे आजोबा हसले, होड्या ज्याने बांधल्या होत्या त्या सपाट पट्ट्याला एक पीळ दिला आणि म्हणाले, आता वाजणार नाही. खरंच थांबलं! वाऱ्यानेच वाजत होता मेला.

पण आवाज थांबला आणि गाडीत शांतता झाली, ती मला सहन होईना. हे जागेवर आहेत की नाहीत, कळायचं कसं? मी मागून सुरू केलं. "अहो, घरी भेंडी आहे का हो?" "अहो, गॅस बंद केला होता ना?" "अहो, आईंना फोन केलात?" हे आपले "हं", "हो", "अगं हो" म्हणताहेत. मला तेवढंच हवं होतं.

शेवटी नितीन वळून म्हणाला, "वहिनी, तुमच्या रेडिओला बंदचं बटण नाही का?"

*

ग्रुपमधला सगळ्यात लाडका किस्सा मनूचा. इथल्या पोरांचं मराठी म्हणजे काय विचारू नका. तो आला की ती आली, सगळं एकच!

पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून परत येताना राउंडअबाउटच्या तोंडाशी गाडी थांबली होती. समोर रस्ता मोकळा झाला. गाडी हलेना. मनूची सीट कडेला, तिला आरशात ह्यांचं तोंड दिसायचं. ती म्हणाली, "आई, बाबा झोपली."

केतकी खो खो हसली. "झोपली नाही गं, झोपले! म्हण, बाबा झोपले."

"बाबा झोपला."

"झोप-ले! मोठ्या माणसाला ले म्हणायचं."

मागच्या गाडीने हॉर्न मारला. मी सीटच्या वरून हात घालून ह्यांचा खांदा इतका दाबला, की नखं लागली. ह्यांनी गिअर टाकला. "काय झालं? का हसताय?"

"काही नाही," नितीन म्हणाला, "तुझं जेंडर बदललं!"

*

होड्या एवढ्या फिरवल्या, पाण्यात गेल्या एकदाच. तेव्हाही मी मनूला घेऊन काठावर, आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही बसाल तर मीही पाण्यात उडी मारेन! म्हणून सगळ्यांना वाटतं, मी पाण्याला भिते. केतकीने मला पोहण्याचा क्लाससुद्धा शोधून दिला.

*

मग वेल्स. कॅम्पिंगच्या साइटवर ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा होता. नितीन मागे उभा राहून हात हलवत होता. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! अरे बास!"

गाडी थांबली नाही. हळूहळू, अगदी सावकाश मागे येतच राहिली. नितीन बाजूला उडाला, मग नळाच्या खांबाला लागून ट्रेलर आपोआप अडकला. खाली मनूची छोटी घडीची खुर्ची चपटी झाली होती. मनू चिप्स घ्यायला नुकतीच उठली होती.

रात्री जेवताना नितीन सगळ्यांना वाढता वाढता म्हणाला, "विलासच्या डिक्शनरीत बास हा शब्दच नाही! खुर्चीचा काय दोष होता रे?"

हेसुद्धा हसले. माझ्याकडे न बघता.

*

निघायच्या सकाळी होड्या टपावर चढवून हे आणि नितीन ट्रेलरचा गॅस-पाणी बंद करायला गेले. मी म्हटलं, बांधायचं मी बघते.

दोर होड्यांवरून घेतला, ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमधून ओवला, टपावरून पलीकडे नेला, तिकडच्या हँडलमधून काढला. मग मागची दारं. चारही. दोर नळाखाली भिजवून घेतला होता, गाठी पाय लावून ओढल्या.

हे किल्ली घेऊन आले. दार ओढलं. पलीकडे जाऊन तिकडचं ओढलं. केतकी हसून गवतावरच बसली. नितीनने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "वहिनी, अहो, होड्या बांधल्यात की गाडीला दावं लावलंय?"

ह्यांनी गाठ चाचपून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"सोड," म्हणाले.

"मला बांधता येतं," मी म्हटलं. "सोडता येत नाही."

नितीन पोट धरून हसत होता, त्याच्या हातातला मोबाइल हलत होता. ह्यांनी किल्ली नितीनच्या शर्टाच्या खिशात टाकली, मनूचा हात धरला आणि मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.