उच्च गणिताचा कोरा रकाना

"परीक्षेला बसलीच नाहीस, की बसून पडलीस?"

प्राध्यापकांनी विचारलं. हातात लाल पेन्सिल. पेन्सिलीचं टोक माझ्या फॉर्मवरच्या एका रिकाम्या चौकोनावर. टक, टक, टक. टेबलाशी आणखी दोघं बसले होते. एकानं मान खाली घालून हसू लपवलं. दुसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. मी उभी होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण मला बस म्हटलं नव्हतं.

चौकोनावर छापलं होतं, उच्च गणिताची जादा परीक्षा दिली असल्यास गुण. त्याच्या खाली बारीक अक्षरात, ऐच्छिक. म्हणजे लिहा, नाहीतर नका लिहू. मी लिहिलं नव्हतं.

"बोल ना. तोंड आहे की नाही?"

मी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले.

"तुमच्या लोकांचं हे असंच. सवलत आहे म्हटल्यावर घाम कशाला गाळायचा!" मग ते शेजारच्यांकडे वळले. मी खोलीत नव्हतेच जणू. "हिला जीवशास्त्राच्या गटात टाका. तिथं गणित नाही. झेपेल तिला."

झेपेल. अठरा वर्षं झाली, हा शब्द माझ्या अंगातून जात नाही. कुणी सहज म्हणालं, बाई, एवढी पिशवी झेपेल का तुम्हाला, तरी कानशिलं तापतात. हे लिहायला बसले आहे खरी, पण बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

मला त्या परीक्षेत सत्त्याऐंशी गुण होते. शंभरापैकी.

प्रमाणपत्र कॉलेजच्या आवारात होतं. बाहेर कडुनिंबाखाली बाबा उभे होते, त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत, रेशनकार्डाच्या मधे घालून ठेवलेलं. मिलमधली पाळी बुडवून आले होते. त्या प्राध्यापकांपासून फार तर पन्नास पावलांवर माझे सत्त्याऐंशी गुण पडून होते आणि मी आत नापास ठरत होते.

मग लिहिले का नाहीत? कुणीही हेच विचारील. मीही स्वतःला विचारते.

आमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, फॉर्म घरी भरत नसत. रिवाजच तसा होता. फॉर्म आला की पिशवीत घालायचा आणि गणिताच्या सरांच्या घरी न्यायचा. सर खुर्चीवर, आम्ही ओट्याच्या पायरीवर. आत या असं कुणी म्हणत नसे आणि आम्हीही जात नसू. सर लिहितील ते खरं. सही करायची, नमस्कार करायचा, निघायचं. सर मनानं वाईट नव्हते. जादा परीक्षेला त्यांनीच मला बसवलं होतं. सुट्टीच्या दिवशी गणितं घालायचे, वही तपासून द्यायचे. मला त्यांचा फार आदर होता. म्हणूनच जास्त सलतं.

त्या दिवशी त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि आतल्या बाजूला, बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सत्त्याऐंशी! अगं, त्यांच्यातली असून बघ किती हुशार." मी पायरीवर बसून हसले. ती शाबासकीच वाटली मला. पदरात घेतली.

सर फॉर्म भरत गेले. त्या चौकोनाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"हे सोडून देऊ," सर म्हणाले. "कोण खरं मानणार? कॉपी केली म्हणतील. सवलतीतून तुला जागा मिळणारच आहे. उगाच डोळ्यात कशाला भरायचं?"

बाबा लगेच म्हणाले, "बराबर हाये सर. जास्त मार्क दाखोले तं सवलत काटतेत."

बाबांची ही भीती त्यांच्या एकट्याची नव्हती. सगळ्या वस्तीची होती. आमच्या गल्लीतल्या एका पोराची शिष्यवृत्ती बंद झाली होती, आणि नेमकं त्याच वर्षी त्याला आधीपेक्षा जास्त मार्क पडले होते. लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. गरीब दिसा, कमी दिसा, मगच देतात. खरं तर त्या पोराचा फॉर्म उशिरा गेला होता. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेव्हा मला रडू आलं ते रागानं. पाठीवरची जुनी जात टाकून बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या कडेवर होते. मान ताठ ठेवायची म्हणून घेतली होती. आणि आता पोरीचे मार्क लपवायची पाळी.

पण एक लिहायला हवं. माझा हात कुणी धरला नव्हता. सर म्हणाले, बाबांनी मान डोलावली आणि मग मीही डोलावली. सोळा वर्षांची होते, गणितात सत्त्याऐंशी मिळवणारी, आणि एवढा साधा हिशेब मला दिसला नाही. मी खाली सही केली.

मला काय हवं होतं, तेही सांगते. मला गणिताचा गट हवा होता. इंजिनिअरिंगचं दार त्याच गटातून उघडायचं. वस्तीत तोवर कुणी मुलगी इंजिनिअर झाली नव्हती, मुलगाही नव्हता. माय विड्या वळता वळता शेजारणींना सांगायची, "माही पोरगी पूल बांधनार हाये." पुलाबिलाचं मला ठाऊक नव्हतं. मला गणित आवडायचं. बस्स.

आता मुलाखतीच्या रांगेतली गोष्ट. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या पुढं एका वकिलांचा मुलगा होता. धरमपेठेतला. जादा परीक्षेला तो माझ्या शेजारच्या बाकावर होता, त्यामुळं तोंडओळख होती. मुलगा सरळ होता. आपणहून हसत म्हणाला, "मला एकोणचाळीस पडले. वडील म्हणाले लिहूच नकोस, ऐच्छिक आहे." मीही हसले. म्हटलं, मीपण नाही लिहिलं. दोघांचा रकाना सारखाच कोरा. मला तर बरंच वाटलं.

त्याला आत बोलावलं. जूनचा महिना, दाराला गारव्यासाठी वाळ्याची टट्टी लावलेली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"उच्च गणिताचे गुण लिहिले नाहीत?"

"नाही सर."

"हरकत नाही, ऐच्छिकच आहे ते. वकीलसाहेब बरे आहेत ना? अरे, बस की, उभा का?"

दोन मिनिटांत तो बाहेर आला. गणिताचा गट मिळाला होता. त्याच्या मागोमाग मी आत गेले, आणि काय झालं ते वर लिहिलंच आहे. खुर्ची तीच होती. प्राध्यापक तेच. रकाना तसाच कोरा.

बाहेर आले तेव्हा बाबा पुढं आले.

"काय झालं वं? भेटली सीट?"

"जीवशास्त्र देऊन राहिले. म्हणतात गणित झेपनार नाही."

बाबांनी घाम पुसला. "असू दे. भेटून तं राहिलं ना काही. चाल घरी."

मी तिथंच उभी राहिले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या मुलाचा रकाना कोरा होता तेव्हा तो नुसता कोरा होता. माझ्या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं, तरी त्यांनी वाचलं. माझं आडनाव वाचलं, इंदोरा वाचलं, सवलतीच्या अर्जाची टाचणी वाचली. मी सोडलेली जागा त्यांनी भरून टाकली होती. मला भीती वाटत नव्हती. संताप होता, आणि इतका संताप माझ्यात आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी बाबांच्या हातातली पिशवी ओढली.

"काय करून राहिली वं तू? बाई, नोको जाऊ! ते चिडतीन!"

मी गेले. टट्टी बाजूला सारून सरळ आत. परवानगी विचारली नाही. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं.

"रकाना भरायचा आहे, सर."

प्राध्यापकांनी कागद उचलला. वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. खिडकीच्या उजेडात धरला. आणि म्हणाले, "हे तुझंच आहे?"

गणिताचे सर बरोबर बोलले होते तर. लपवलं तर नापास. दाखवलं तर चोर.

"नाव वाचा, सर."

"नाव कुणाचंही असू शकतं." त्यांनी खडू उचलला आणि माझ्यापुढं धरला. "तो फळा. एक गणित घालतो. सुटलं तर बघू."

खरं सांगते, माझा हात पुढं गेला होता. गणित म्हटलं की जायचाच. आणि मला ते सुटलं असतं, याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. बोटं खडूपर्यंत पोचली आणि थांबली.

"आधीच्या मुलाला घातलं होतं का गणित?"

"काय?"

"वकिलांच्या मुलाला. त्यालाही बोलवा. दोघांना एकच गणित घाला. मग सोडवते."

"त्याचा इथं काय संबंध?"

शाळेत पाच वर्षं घासूनपुसून शुद्ध केलेली माझी भाषा तिथंच गळून पडली. "त्याचा कोरा, तं ऐच्छिक. माहा कोरा, तं नापास. अन् भरला, तं चोरी. काहून? मले सांगा, काहून?"

मघाशी हसू लपवणारा आता हसत नव्हता. प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"जीवशास्त्राची जागा हवी आहे, की तीही नको?"

हे त्यांनी शांतपणे विचारलं. मला आत कुठंतरी बाबांचा घाम दिसला. मायच्या विड्या दिसल्या. वर्ष जाणार हे दिसलं.

"नको," मी म्हणाले.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. घरी येताना सायकल हातात धरून चालले, मला मागं बसवलं नाही, स्वतःही बसले नाहीत. इंदोरा दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "आता तुले कोन घेईन?" मायनं रात्री विचारलं, "फळ्यावर सोडून टाकलं असतं तं?" तिचा प्रश्न मी अजून सोडवते आहे. म्हणूनच उठून येरझारा घालते. सोडवलं असतं तर कदाचित गट मिळाला असता. कदाचित आणखी एक गणित घातलं असतं. मग आणखी एक. वकिलाच्या मुलाला एकही न घालता.

वर्ष गेलं. ते वर्षभर मायच्या शेजारी बसून मी विड्या वळल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात कला शाखेतून गणित घेतलं, पुढं शाळेत शिक्षिका झाले. इंजिनिअर झाले नाही. मायनं सांगितलेला पूल बांधायचा राहिला. वकिलाचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणतात. त्याच्यावर माझा राग नाही. एकोणचाळीस मिळवून निवांत झोपायचा त्याचा हक्क होता. तसा मला का नव्हता, एवढंच माझं भांडण आहे.

सरांकडे मी त्याच आठवड्यात गेले होते. ते हळहळले. "मी म्हटलं होतं ना, डोळ्यात भरेल." फार दयाळू आवाज होता त्यांचा. त्यांच्यापुढं वस्तीतल्या चार पोरांचे फॉर्म पडले होते. मी पायरीवर बसले नाही. उभ्यानं म्हणाले, "सर, हे फॉर्म द्या. यापुढं मी भरीन." सरांनी माझ्याकडे न बघता फॉर्म पुढं सरकवले. मला वाटतं, त्यांना दुखलं. दुखू दे.

तेव्हापासून दर जूनला माझ्या घरी फॉर्म येतात. इंदोऱ्यातून येतात, सक्करदऱ्यातून येतात, सावनेरकडूनही कुणी येतं. मी टेबलाला दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. आलेलं पोर खुर्चीवर बसतं, आणि पेन त्याच्या हातात असतं. प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. "बाई, हे जादा परीक्षेचे मार्क दाखवू का नोको? नुकसान तं नाही होनार?"

मी खोटं बोलत नाही. सांगते, होईल. लपवलेस तरी होईल, दाखवलेस तरी होईल. मग दाखवूनच होऊ दे.

काल एक मुलगी आली होती. बेचाळीस मार्क. रकान्याशी येऊन थांबली, पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बाई, हे तं ऐच्छिक हाये. कोरंच ठेवते. बेचाळीसची लाज वाटते मले."

मी तिच्या हातात पेन परत दिलं. म्हटलं, ऐच्छिक त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा कोरा कागद कोराच वाचला जातो. तुझा कोरा वाचत नाहीत. तू जागा सोडशील तिथं ते तुझी जात भरतील. बेचाळीस तर बेचाळीस, पण आकडा तुझा असेल, तुझ्या अक्षरात असेल. कुणी एकटीला फळ्यापुढं उभं केलं तर खडू घेऊ नकोस. मला बोलाव. मी येईन, आणि आधी सगळ्यांना उभं करायला लावीन.

तिनं लिहिलं. आकडा वाकडा आला. मी तो खोडून नीट काढायला लावला नाही.

आमच्या पोरीचा कोरा रकाना ज्या दिवशी नुसता कोरा दिसेल, त्या दिवशी मी तो कोरा सोडू देईन. तोवर माझ्या टेबलावरून एकही रिकामा जाणार नाही.