रडणाऱ्या बाया पाहिजेत

“इतक्या बाया रडून राहिल्या, पन गेला कोन ते तं सांगा कोनी,” कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं.

कुणीही गेलं नव्हतं. आमगावच्या आमच्या अंगणात मी ऑडिशन घेत होते.

नागपूरच्या कॉलेजातला माझा सिनियर पराग स्वतःच्या हिमतीवर एक सिनेमा करत होता. त्यात मुलगा गमावलेली आई होती. पडद्यावर दोनच मिनिटं, पण खरं रडणारी. “ग्लिसरीनवाली नको,” त्यानं बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत मी ही आई शोधली, तर शूटिंगभर मी त्याची असिस्टंट. नाहीतर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. (मला माणसांशी बोलायचा संकोच, म्हणून बँक. बँकेत माणसं येत नाहीत असं त्यांना का वाटतं, हे विचारायचाही मला संकोचच वाटला.)

आईनं भजनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘रडणाऱ्या बाया पाहिजेत. चहा-पोहे मिळतील.’ बावीस जणी आल्या. मी इंग्रजीत लिहिलेलं स्वागताचं भाषण घडी करून खिशात घातलं आणि नुसती मान हलवली. माझ्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून आईचा फोन स्टँडवर लावला. मध्येच कुणाचा कॉल येऊ नये म्हणून त्याचं नेटवर्कही बंद केलं. त्या दिवशी मी केलेलं हे एकमेव व्यावसायिक काम, आणि पुढचा घोळ त्यानंच वाढवला.

पहिला नंबर शेवंताबाईंचा. “कोनासाठी रडाचं आहे? सासू असन तं मले जमत नाही.”

“मुलगा,” मी पुटपुटले.

“मंग सोपं आहे. माहा पोरगा दिवसभर पानठेल्यावर बसून राहते. त्याच्यासाठी मी तशीही रोजच रडतो.”

आणि त्यांनी सूर लावला. अडचण अशी की आमच्याकडे बाईला एकटीनं रडू देत नाहीत, ते बरं दिसत नाही. त्यामुळे रांगेतल्या एकवीस जणींनीही पदर तोंडाला लावले. ‘एकेकीनं रडावं’ एवढंच मला सांगायचं होतं. ते मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वर धरलं. रडणारी माणसं वाचत नाहीत, हे तेव्हा कळलं.

अकराव्या बाईपर्यंत आवाज पार बाजारापर्यंत गेला असावा. समोरच्या किराणा दुकानातले भोजूकाका अर्धं शटर ओढून धावत आले. सकाळी बाबांनी आणि ऑटोवाल्यानं आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दोन्ही बाजूंनी धरून ऑटोत बसवताना त्यांनी पाहिलं होतं. (आबा मोतीबिंदू दाखवायला गोंदियाला निघाले होते. गुडघ्यांमुळे ते एरवीही तसेच बसतात.) तेवढ्यात आई पोह्यांची परात घेऊन हसत बाहेर आली.

“वहिनी, आबा?” काकांनी दबकतच विचारलं.

“दवाखान्यात नेले नं सकाळीच. आनतीन दुपारी. तुम्ही पोहे घ्या.”

काकांनी परातीकडे पाहिलं, आईच्या हसण्याकडे पाहिलं आणि फाटकाशी जमलेल्यांना हळूच सांगितलं, “संपलं सगळं. दुपारी आनून राहिले. वहिनीच्या डोक्यावर परिनाम झाला आहे, पोहे वाटून राहिली.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी मनात आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग व्याकरण तपासलं. तोवर बांबू आणायला माणूस गेला होता, आणि काकांनी कोहमाऱ्याला माझ्या आत्याला फोन केला होता. आत्यानं बाबांना फोन लावला, तो दवाखान्यात बंद. आईला लावला. आईचा फोन कुठे होता, ते सांगितलंच आहे.

दीड-दोन तासांनी फाटकाशी जीप थांबली, तेव्हाही माझं वाक्य तोंडातच होतं. आत्या उतरली ती थेट अंगणाच्या मध्यावर येऊन बसली, बरोबर कॅमेऱ्यासमोर.

“आबा, रविवारी येतो म्हनलो होतो नं मी! मंग थांबले काऊन नाही? आता बाप कोनाले म्हनू?”

बावीसच्या बावीस जणी चूप झाल्या. शेवंताबाई शेजारणीला म्हणाल्या, “हे कोन आहे वो? हेच नंबर मारते पाह्य.”

आई स्वयंपाकघरात पोह्यांचा दुसरा घाणा परतत होती. आबा धडधाकट आहेत, हे अंगणात फक्त मला पक्कं ठाऊक होतं. मी पुढे झाले. स्टँड हातभर डावीकडे सरकवला, कारण आत्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर सावली येत होती. मग गप्प उभी राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. वर दहा सेकंद मी जादाची घेतली, कुठे कापायची वेळ आली तर असावीत म्हणून.

आत्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. “पोरी, आजा गेला तुहा. तू काऊन नाही रडून राहिली?”

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. त्या दिवसातलं माझं पहिलं ऐकू जाईल असं वाक्य तेव्हा बाहेर पडलं:

“आत्या, आबा डोळे दाखवायला गेलेत, तासाभरात येतील... आणि तुझी निवड झाली.”