माझ्या वाटचा उपास

ज्या उन्हाळ्यात मी प्रभूच्या सेवेसाठी म्हणून धाराशिवकडच्या वाशीला गेले, त्याच उन्हाळ्यात मला प्रार्थना करता येत नव्हती. स्वतःला पोहता येत नसताना दुसऱ्यांना शिकवायला विहिरीवर जावं, तसलाच हा प्रकार. पण खरं ते खरं. त्याआधीच्या हिवाळ्यात माझे वडील गेले होते. ते अंथरुणाला खिळले तेव्हा आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीनं घरी येऊन त्यांच्यासाठी मागणं केलं, मीही गुडघे टेकून मागितलं, आणि तरी ते गेले. त्यानंतर प्रभूची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं की पहिल्याच शब्दाला मी अडायचे. ती प्रार्थना सुरूच होते बापाला हाक मारून. देवाला बाप म्हणायला जावं, तर डोळ्यांपुढे यायचे माझे वडील, खाटेवर पडलेले, माझ्याकडे बघणारे. मग मी नुसते ओठ हलवायचे आणि पुढच्या ओळी इतरांच्या आवाजात वाहून जाऊ द्यायचे. शेजारी आई बसलेली असायची. तिला हे कळू नये एवढीच माझी धडपड असे.

अशा वेळी आमच्या मंडळीचा उन्हाळी प्रकल्प आला. आम्हा कॉलेजच्या मुलामुलींना धाराशिव जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावी राहायचं होतं. तिथंच एखाद्या घरी मुक्काम, तिथंच मिळेल ते काम, आणि रविवारी सगळ्यांनी धाराशिवला जमून उपासना करायची. कुणी विचारल्याशिवाय उपदेश करायचा नाही, हा आमच्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, कडक नियम. ते म्हणायचे, "आधी लोकांच्या ताटातलं खा, त्यांच्या हाताखाली राबा, मग तोंड उघडा." मला तो नियम फारच सोयीचा वाटला. तोंड उघडायचं नव्हतंच मला. मी नाव दिलं ते खरं तर घरातली ती रिकामी खाट बघवत नव्हती म्हणून. मनाशी मात्र एक ठरवून गेले होते. उन्हाळा संपेपर्यंत तो शब्द तोंडातून निघाला नाही, तर आईला सरळ सांगायचं की यापुढे चर्चला तू एकटीच जात जा. त्या बाकावर आई एकटी बसलीय हे चित्र डोळ्यांपुढे यायचं, पण देवासमोर किती दिवस नाटक करायचं?

वाशीत मला काम मिळालं ते खव्याच्या भट्टीवर. भट्टी काकू आणि आण्णा या नवराबायकोची, आणि राहायलाही मी त्यांच्याच घरी. वडील हिवाळ्यात गेले, एवढं मी त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरून दूध यायचं, ते मापून घ्यायचं, मोठ्या कढईत आटवायचं, बुडाला लागू नये म्हणून उलथण्यानं सारखं हलवत राहायचं. बाहेर ऊन, आत जाळ. पहिल्या दिवशी आण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी आमाला बाटवायला आलाव का खवा कराया?" मी म्हटलं, "खवा करायला." त्यावर ते म्हणाले, "मग लई अवघड काम धरलंय बघा तुमी." आणि स्वतःच खो खो हसले. दुसऱ्याच दिवशी मी अख्खी कढई करपवली, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटलं.

काकूंची आणि माझी गट्टी जमली ती एका शब्दावरून. पहिल्या शनिवारी मी त्यांना सांगितलं, "काकू, उद्या मला सुट्टी हवी. रविवारी आमची उपासना असते." काकूंनी मान डोलावली. सकाळी बघते तर माझ्यासाठी डब्यात साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू! मी म्हटलं, "काकू, उपास नाही हो, उपासना." तर म्हणाल्या, "त्येच की. तुमच्याकडं ना लावत्यात, आमच्याकडं लावत न्हाईत." मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, की आम्ही एकत्र बसतो, गाणी गातो, वचन वाचतो. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सोडता कवा?" मी हात टेकले. तेव्हापासून दर रविवारी माझ्याबरोबर फराळाचा डबा असायचा, कधी भगर, कधी रताळ्याचा कीस. मी येरमाळ्यावरून एसटीनं धाराशिवला पोहोचायचे. उपासना संपली की सगळी मंडळी माझ्या डब्यावर तुटून पडायची. आमचे पाळकसुद्धा खिचडीला नाही म्हणत नसत. मी मात्र उपासनेत ओठ हलवून परत यायचे. रविवार येत होते, जात होते, आणि शब्द काही येत नव्हता.

मे महिन्यात एका शनिवारी मला ऊन लागलं. भट्टीपुढे उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली एवढं आठवतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, औषधं दिली. ताप चढला होता, अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. काकूंनी तळपायाला कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं. घरी फोन करू का, असं आण्णांनी विचारलं, तेव्हा मी हातानंच नको म्हटलं. आईनं आजारपण पुरेसं पाहिलं होतं.

रविवार उजाडला, पण धाराशिवला जायचा प्रश्नच नव्हता. दुपारी तापातून जाग आली तर काकू उशाशी बसलेल्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मी विचारलं, "काकू, जेवलात का?"

"आज कुठलं जेवण? तुजा उपास म्या धरलाय की."

मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. घरात कुणी आजारी पडलं की त्याचा वार मोडू द्यायचा नसतो. दुसऱ्यानं त्याच्या वाटचा धरायचा असतो. "माज्या जावंचा पाय मोडला तवा तिचा मंगळवार म्याच धरला न्हवं. मोडला तर परत पयल्यापास्नं धरावा लागतोय. तुजं इतकं रविवार झालं, ते काय वाया घालवायचं?" मी विचारलं, "मग फराळ तरी केलात का?" त्यांनी मान हलवली. "तुमच्या देवाला काय चालतंय, काय न्हाय, मला काय ठावं? म्हणून नुसत्या पाण्यावर हाय."

सकाळपासून ही बाई नुसत्या पाण्यावर होती. भट्टी बंद नव्हती, दूध कुणासाठी थांबत नाही. म्हणजे माझं काम, स्वतःचं काम आणि माझा नसलेलाच उपास, हे तिन्ही तिनं त्या जाळापुढे उभं राहून केलं होतं. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली आणि हसूही आलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही जेवा आधी." पण त्या कुठल्या ऐकतात! म्हणाल्या, "जेवते की. आधी एवढं सांग, तुमच्यात म्हणायचं काय असतंय?"

कुणीतरी विचारलं होतं. पाळकांच्या नियमाप्रमाणे आता तोंड उघडायला हरकत नव्हती. पण मला जेमतेम एवढंच सांगता आलं, की आधी बापाला हाक मारायची.

"कुणाच्या बापाला?"

"देवालाच. देवाला बाप म्हणायचं."

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एक हात माझ्या कपाळावर ठेवला आणि पोराच्या शाळेत गुरुजींशी बोलावं तसं अदबीनं, पण ठाम बोलायला लागल्या. "बापा, ही पोर तुजी हाय. तिला बोलवंना झालंय, म्हणून तिच्या बदली म्या बोलतीया. माज्या बोलण्यात काय चुकलं-माकलं तर तिच्या माथी मारू नगंस. तिला बरं कर. आन् तिचा बाप तुज्याकडं आलाय म्हणं. त्याला सांग, पोर माज्यापाशी हाय, काळजी करू नगंस."

मी रडले. वडील गेल्यावर इतकं रडले नव्हते. त्या रडण्यात केव्हातरी तो शब्द माझ्या तोंडून निघाला. आवाज फाटलेला होता, पण आवाज होता. त्यापुढची सगळी प्रार्थना मी शेवटपर्यंत म्हटली, माझ्याच आवाजात, आणि या वेळी खाटेवरचे वडील डोळ्यांपुढे आले तरी मला थांबावंसं वाटलं नाही. काकू हात जोडून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "सुटला का आता?" मी म्हटलं, "सुटला." मग त्या उठून भाकरी खायला गेल्या.

संध्याकाळी ताप उतरला. तो सलाईननं उतरला, कांद्यानं उतरला की आणखी कशानं, या वादात मी पडत नाही. आण्णांच्या मते कैरीच्या पन्ह्यानं.

जरा बरं वाटल्यावर मी आईला फोन केला. आजारपणाचं सांगितलं, काकूंचं सांगितलं, आणि बोलता बोलता सगळंच सांगून बसले, की इतके महिने मी तुझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हणतच नव्हते. मला वाटलं, आता आई दुखावणार.

"मला माहीत होतं गं," आई म्हणाली. "लहानपणापासून तुझा आवाज ऐकतेय मी, तो गेलेला कळणार नाही का? म्हणून मी घरी रोज दिवेलागणीला दोनदा म्हणत होते. एकदा माझी, एकदा तुझी."

प्रभूनं आपलं ओझं आपल्या बदली वाहिलं, हे मी रविवारच्या शाळेपासून पाठ म्हणत आले. त्यावर स्पर्धेत भाषण करून बक्षीसही मिळवलं होतं. पण ते म्हणजे काय, हे मला वाशीला कळलं. आपल्याला वाटतं की विश्वास आपण आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवायचा असतो, आणि मूठ सुटली की संपलं. माझी मूठ केव्हाच सुटली होती. इकडे एकीनं उपाशीपोटी आणि तिकडे एकीनं रोज दिवेलागणीला माझ्या वाटचं धरून ठेवलं होतं, म्हणून माझं काही मोडलं नाही. त्या दोघींच्या रूपानं मला कुणी धरलं होतं, ते मी जाणते. त्याचे आभार मानायला मला आता शब्द शोधावा लागत नाही. मी त्याला बाप म्हणते.