तळाशी न बसलेला रंग

"वयस्साय्तु अम्मा, बिडि," डॉक्टर म्हणाले. वय झालं, आता सोडा. म्हैसूरच्या त्या प्राण्यांच्या दवाखान्यात आमची अकरा वर्षांची कुत्री टेबलावर आडवी होती. पोटावरचे केस भादरलेले, त्यावर सोनोग्राफीची थंडगार जेल. पडद्यावर तिची प्लीहा चांगलीच सुजलेली दिसत होती आणि तिच्यात एक डाग. लघवी लाल, हिमोग्लोबिन निम्म्यावर. पायातून काढलेल्या रक्तात गोचीड तापाचे जंतू सापडले नव्हते. म्हणजे गाठ असणार, आणि ती आतून वाहत असणार. त्यांनी पेनाचं टोपण काढून फॉर्म पुढे केला. तिला कायमचं झोपवण्याचा.

मी सही केली नाही. "असणार" या शब्दावर मी साधी चादर विकत घेत नाही, कुत्रीचा जीव कसा देऊ? डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. "उद्या येते," म्हटलं आणि कुत्रीला उचलून रिक्षात बसले.

घरी अप्पा, म्हणजे माझे वडील, दारातच उभे होते. वय चौऱ्याऐंशी. आम्ही इथले जुने रंगारी. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांना कापड रंगवून देण्यात अप्पांची हयात गेली. धंदा कधीच बंद झाला, पण नजर शाबूत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते लाल पाणी मला दाखव, नोडोण, बघू या."

दाखव म्हणायला काय जातं! मी आमटीची पळी घेऊन अर्धा तास अंगणात कुत्रीच्या मागे ओणवी फिरले. शेजारीण कुंपणावरून बघत होती. बघेना का. पळी नंतर मी टाकून दिली, हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

अप्पांनी ते काचेच्या पेल्यात ओतलं, खिडकीत ठेवलं आणि मागे पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा लावला. "हात लावू नको," म्हणाले. रंगाची पूड पाण्यात नीट विरघळली का, हे ते असंच बघायचे. कच्ची राहिलेली पूड तळाशी बसते आणि मग कापडावर ठिपके उठतात. दुपार उलटली तरी पेल्याचा तळ स्वच्छ होता. वरपासून खालपर्यंत एकसारखा काताचा रंग.

"गाठीतून रक्त वाहत असतं, तर गाळ खाली बसला असता," अप्पा म्हणाले. "हे विरघळलंय. तिचं रक्त अंगातच विरघळतंय, गोत्ताय्ता? कळलं का?"

दुसऱ्या दिवशी तेच पाणी बाटलीत भरून मी डॉक्टरांसमोर ठेवलं. रंगाऱ्याच्या घरचा रिपोर्ट ऐकून ते हसले. हसू दे, मी उठले नाही. शेवटी त्यांनी त्यातलं थोडं नळीत घालून यंत्रात गरगर फिरवलं. नळी बाहेर आली तरी लाल रंग वरच होता, तळाशी काही बसलं नव्हतं. मग त्यांचं हसू गेलं. "रक्त असं अंगात विरघळतं ते बहुधा गोचीड तापात. कानाच्या टोकाचं रक्त घेऊ या. जंतू तिथे जास्त सापडतात," ते स्वतःच म्हणाले. काचपट्टीवर थेंब पसरून ते बराच वेळ बघत बसले आणि मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. लाल पेशींच्या पोटात जांभळे ठिपके, जोडीजोडीने. गोचीड तापच होता, प्लीहा त्यानेच सुजली होती. फॉर्म त्यांनी माझ्यादेखत फाडला.

इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी ती ताकभात जेवली, दोन आठवड्यांनी शेजारणीच्या मांजरावर धावून गेली. मी तिला रागावले नाही.

त्या संध्याकाळी मला चेव चढला होता. "वय झालं म्हणे! न तपासता कोणाचं वय काढायचं नाही," मी अप्पांना ठणकावून सांगत होते. कुत्री त्यांच्या पायाशी पसरली होती. अप्पा तिच्या कानामागे खाजवत म्हणाले, "मग माझी चिठ्ठी कुठाय?"

उन्हाळ्यात अप्पांच्या पोटदुखीसाठी त्यांच्या डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला होता. या वयात कशाला ती दगदग, असं म्हणून ती चिठ्ठी मीच कपाटात टाकली होती. मला माझीच लाज वाटली. मी उठले आणि कपाट उघडलं.