काइंडली कळवावे

आमच्या घरात कुणी फोनवर "आमच्या कामाचं काय झालं हो?" असं विचारताना ऐकलं की माझं हातातल्या कामावरचं लक्षच उडतं. मग मी म्हणते, अरे, असं नाही विचारायचं, थांबा, मी सांगते कसं विचारायचं ते. आणि एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. मी काही ते मुद्दाम साठवलेले नाहीत. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसणाऱ्या माणसाकडे गावाची निम्मी रडगाणी आपोआप येतात!

इन्स्टिट्यूट श्रीगोंद्याची, कुलथे सरांची. खाली सायकलचं दुकान, वर आमची टायपरायटरं. मी मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाले आणि सरांनी मला तिथंच शिकवायला ठेवून घेतलं. बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आगेमागे चार-पाच वर्षं मी तिथं होते. त्या काळी रेडिओ म्हणा, पंप म्हणा, काही बिघडलं की पार्सल करून मुंबई-पुण्याच्या कंपनीला पाठवायचं. पार्सल गेलं की मग सगळं चिडीचूप! ट्रंक कॉल लावायचा तर दिवस जायचा, आणि लागला तरी पलीकडचा माणूस "रायटिंगमध्ये पाठवा" म्हणायचा. मग लोक आमचा जिना चढायचे. सर मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायची. इंग्रजीत. कारण कंपनीला मराठी कळत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता.

* * *

कुलथे सरांची इंग्रजी पत्रं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. "आय शाल बी हायली ओब्लाइज्ड इफ यू वुड काइंडली लेट मी नो द प्रेझेंट पोझिशन ऑफ द मॅटर." हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की आजही बोटं आपोआप चालतात.

मी तेव्हा तरुण होते, आणि तापट तर अजूनही आहे. एकदा म्हटलं, "सर, वस्तू आपली, ती अडवून बसलेत ते, आणि ओब्लाइज्ड आपण का व्हायचं?"

सरांनी मुंबईत एका कंपनीच्या तक्रार खात्यात बरीच वर्षं काढली होती. ते म्हणाले, "शैला, मी त्या खुर्चीत बसलोय. सकाळपासून शिव्याच वाचायच्या. त्यात एखादं पत्र 'काइंडली' म्हणालं की वाटायचं, चला, आधी याचं बघू. रागावलेलं पत्र आम्ही तळाशी घालायचो."

मग काय! कागद चढवला आणि ओब्लाइज्ड झाले.

* * *

बागवान चाचांचा रेडिओ पुण्याला गेला होता. चाचा फळं विकायचे, आणि माणसाला ताटकळत ठेवून गप्पा मारायचे. त्यांना आमचं पत्र पसंत पडेना.

"बेटी, यात खुशाली कुठंय? एकदम रेडिओवर कसं यायचं? माणूस भेटला की आधी घरचं कसं काय ते विचारतात. लिही, साहेब, आपली तब्येत कशी आहे, मुलंबाळं कशी आहेत."

सर म्हणाले, "चाचा, बिझनेस लेटरमध्ये मुलंबाळं चालत नाहीत."

चाचा हटेनात. शेवटी मुलंबाळं गाळली आणि तब्येत ठेवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मी फोडून वाचलं तर रेडिओबद्दल अवाक्षर नाही! कुणा भल्या माणसानं एवढंच लिहिलं होतं की तब्येत आता बरी आहे, मध्यंतरी कावीळ झाली होती, विचारल्याबद्दल आभारी आहे.

मी संतापून चाचांना वाचून दाखवलं. तर त्यांचे डोळे पाणावले. "बघ, कावीळ झाली होती त्याला! कामावर कुठनं येणार तो? रेडिओचं होईल गं, माणूस वाचला ना!"

आणि जाताना सरांना विचारतात, कावीळवाल्याला उसाचा रस पार्सल करता येतो का?

* * *

दुष्काळात हसणं कमी झालं. विहिरी आटल्या, कारखाना उसाअभावी लवकर बंद पडला, आणि जिना चढून येणारी माणसं दमलेली असायची. पाणी प्यायला मागायलाही लाजायची. सर आपला माठ स्वतः पुढं सरकवायचे.

विठोबा आबांच्या विहिरीत तळाशी थोडं पाणी होतं, पण ते वर काढायचा पंप दुरुस्तीला जाऊन बसला होता. त्यांना कंपनीचं उत्तर आलं, "युवर मॅटर इज रिसीव्हिंग अवर बेस्ट अटेन्शन."

"काय म्हंत्यात?"

म्हटलं, "आबा, ते लक्ष देताहेत."

आबा खाली बघत म्हणाले, "लक्ष तर आमीबी देतोय की, ताई. रोज इहिरीत वाकून बघतो. त्यानं पानी वर येतंय व्हय?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मान खाली घालून टाइप करायला लागला.

* * *

हौसाबाई पहिल्यांदा आली तेव्हा ती दिसायच्या आधी तिचा आवाज वर आला. खालच्या सायकलवाल्याला पत्ता विचारत होती, आणि आम्हाला वरती टायपरायटरांच्या खडखडाटात शब्द न् शब्द ऐकू आला! सहा वर्षांची पोरगी कडेवर होती. कडेवर घ्यायला मोठी दिसत होती, पण आईनं खाली सोडली नाही.

"मास्तर, ही माझी सुमी. हिचं कानाचं मशीन ममईला गेलंय. ते कवा येनार, तेवढं इंग्रजीतून इचारा."

सुमीला जन्मापासून फार कमी ऐकू यायचं. अगदी कानाशी ओरडलं तर थोडं. त्यामुळं घरात सगळ्यांनाच ओरडायची सवय लागलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं होतं. छातीवर पिशवीत अडकवायची छोटी डबी, आणि तिची वायर कानात. ते लावल्यावर वर्षभरात पोरगी बोलायला लागली. आये, पानी, चिमनी, भाकर. हौसाबाई एकेक शब्द असा सांगत होती की वाटावं, पोरीचे दागिने दाखवतेय.

मग मशीन मुकं झालं. मुंबईच्या कंपनीला पाठवून चार महिने झाले होते.

"ऐकू न्हाई येत त्याचं एवढं न्हाई वो," ती म्हणाली. "आधीबी येत नव्हतं. पन आता ती बोलायचं इसरायलीय. चिमनी गेली. परवा पानी गेलं. आता नुस्ता तांब्या दावती."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग नेहमीचं पत्र सांगितलं, काइंडलीसकट. मी टाइप केलं. सुमी माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती. एवढा आवाज चालला होता, आणि तिला त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

* * *

उत्तर आलं, बेस्ट अटेन्शनचं. आम्ही रिमाइंडर पाठवला. पुन्हा बेस्ट अटेन्शन.

मग सुमीचा बाप स्वतः मुंबईला जाऊन आला. तो कारखान्यात मिलवर कामाला. शांत माणूस. परत आल्यावर इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि बाकावर बसूनच राहिला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हनले, पार्ट भाईरदेशातून येतोय. कवा येईल ते हितं सांगता येत न्हाई. पत्रानं इचारा."

"अहो, पण तुम्ही समोर उभे होतात ना!"

"व्हय. हुतो की उभा."

मला इतकी चीड आली! म्हटलं, सर, बास झालं आता. कडक लिहू या. वकिलाची नोटीस देतो म्हणू या. लहान लेकरू आहे, काही लाजलज्जा?

सर म्हणाले, "नोटीस गेली की फाइल वकिलाच्या टेबलावर जाते. तिथून ती वर्षभर उठत नाही. मशीन हवंय की भांडण?"

सुमीच्या बापानं हात जोडले. "मशीन, मास्तर. भांडन नगं."

* * *

मग तार करायचं ठरलं. मी सरांबरोबर पोस्टात गेले. पोस्टमास्तर मजकूर वाचून म्हणाले, "कुलथे, तारेत काइंडली कशाला? शब्दागणिक पैसे पडतात, काढून टाका. अर्थ तोच राहतो."

सर म्हणाले, "अर्थ राहतो. माणूस राहत नाही. असू द्या."

पोस्टमास्तरांनी मान हलवली आणि तार जशीच्या तशी पाठवली. उत्तर काही आलं नाही.

त्या दिवसांत हौसाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दर बाजारच्या दिवशी आमच्याकडे डोकवायची. विचारायची काही नाही. दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी मान हलवली की जायची. तिची पावलं जिन्यावर वाजायला लागली की मला घरी पळून जावंसं वाटायचं. खरंच सांगते.

* * *

एका बाजारच्या दिवशी मात्र ती आत आली. सुमीला खाली ठेवलं. पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली. तोंड मिटलेलं.

हौसाबाई सरांना म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, काल आये गेलं."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, कुणी वारलं.

"मला हाक मारंना ती. पदर वढती. म्या लई वरडले, म्हन आये, म्हन आये. वठ हालिवती, पन आवाज न्हाई निगत." आणि ती मटकन बाकावर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सर टेबलामागून उठले. मग मला म्हणाले, "शैला, ऊठ." आणि माझ्या खुर्चीत स्वतः बसले. इन्स्टिट्यूट सरांची, पण टायपिंग शिकवायची मी; त्यांना टाइप करताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. ना हायली ओब्लाइज्ड, ना प्रेझेंट पोझिशन.

"सर, द चाइल्ड हॅज लॉस्ट द वर्ड फॉर मदर. काइंडली लेट अस नो हाऊ लाँग वी शुड आस्क हर टू वेट."

बास. एवढंच.

हौसाबाईनं विचारलं, "काय लिवलं?"

सरांनी सांगितलं, "लिहिलंय, पोरगी आई हा शब्द विसरली. तिला अजून किती थांब म्हणून सांगायचं, ते कृपा करून कळवा."

तिनं मान डोलावली. "आसंच इचारायचं हुतं मला," म्हणाली.

* * *

उत्तर आलंच नाही. पार्सल आलं!

पत्रांवर पत्ता आमचा, म्हणून पार्सलही आमच्याकडेच. पोस्टमननं टेबलावर ठेवलं आणि तो तिथंच उभा राहिला. त्यालाही सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "सर, उघडू या का? नीट चालतंय का ते तरी बघू."

"त्यांचं आहे. त्या उघडतील."

सायकलवाल्यानं खडीच्या कामावर सायकल दामटली आणि हौसाबाई तशीच आली. केसांत, भुवयांत पांढरी धूळ. सुमी हाताशी. तिनं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले, तरी दोरा सुटेना. शेवटी सरांनी दोरा कापला. डबी निघाली. नवा सेल घातला. वायर मीच सुमीच्या कानात बसवली. पिशवी गळ्यात अडकवली. बटण फिरवलं.

आणि पोरगी किंचाळली!

मागं अख्खी बॅच टाइप करत होती ना. तो सगळा खडखडाट एकदम तिच्या कानात शिरला. ती आईच्या लुगड्यात तोंड खुपसून थरथर कापायला लागली.

सरांनी हात वर केला. "स्टॉप!"

सगळी टायपरायटरं थांबली. मी तिथं इतकी वर्षं काढली, पण चालू तासाला इतकी शांतता कधी अनुभवली नाही. खाली सायकलवाल्यानं हवा भरायचा पंपसुद्धा धरून ठेवला असावा. पोरांनी बोटं उचलून हवेतच ठेवली होती.

सर हौसाबाईला म्हणाले, "बोला."

तिला बोलवेना. ओठ नुसते हलत होते. सुमीनं हळूहळू तोंड बाहेर काढलं आणि ती इकडंतिकडं बघायला लागली.

शेवटी हौसाबाईनं श्वास घेतला, वाकली, आणि इतके महिने मारत होती तशीच, होता नव्हता तेवढा जोर काढून, लेकीच्या कानाशी हाक मारली.

"सुमेऽऽऽ!"

सुमीनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"आये, हळू!"