ग्राही आणि गिऱ्हाईक

सलीमभाई गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या भावाने, रफीकने केला. "मास्तर, भाईचा हार्ट बंद पडला… या," एवढेच तो बोलला. त्याला सहा आठवडे झाले. गुलमंडीतल्या त्यांच्या कापडदुकानापाशी माझे पाऊल अजूनही आपोआप थांबते.

सलीमभाईंना नैराश्याचा आजार होता. आजार हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण घरात त्याला आळस म्हणत. वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून रफीक यायचा, तेव्हा दुकानाचे शटर बंदच असायचे. मग तो घरी येऊन खोलीत डोकावून विचारायचा, "नवाबसाब उठले का?" सलीमभाई भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. आपण बहाणा करत नाही, हे भावाला पटावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणूनच डॉक्टरांनी मेंदूची चित्रे काढणाऱ्या मुंबईतल्या एका संशोधनाविषयी सांगताच ते तयार झाले. माहितीपत्रक समजावण्याचे काम जुना मित्र म्हणून माझ्याकडे आले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप धाडतात. सेरोटोनिन हे त्यांपैकी एक. निरोप स्वीकारणारी पेशीवरची जागा म्हणजे ग्राही. तिला चिकटणारे, किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते कुठे किती साचले, याचे चित्र यंत्र काढते.

सलीमभाई म्हणाले, "म्हंजे मालाला गिऱ्हाईक हाय का नाय, ते बघनार."

"गिऱ्हाईक नव्हे, ग्राही."

"एकच हाय, मास्तर. तुमी धंदा केला नाय, म्हनून फरक वाटतो."

इथवर ठीक होते. पुढची चूक माझी. मी म्हणालो, "आजार असेल तर चित्रात दिसेलच." पुराव्याच्या पुढे जाऊ नका, असे मुलांना बजावणाऱ्याने हे बोलायला नको होते.

चाचणीनंतर तिथल्या संशोधक बाईंनी शांतपणे सांगितले, की अनेक आजारी आणि अनेक निरोगी माणसांची चित्रे ताडून सरासरीतला फरक शोधतात. एकट्याच्या चित्रावरून आजाराचा निवाडा होत नाही. मी मान खाली घातली. परतीच्या प्रवासात सलीमभाई म्हणाले, "मास्तर, फोटोत घावलं नाय, म्हनून दुखनं झूट होत नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. हे उत्तर मी आजही तितक्याच ठामपणे देईन.

घरी पोचल्यावर त्यांनी रफीकला समोर बसवले. हाती पुरावा नव्हता, म्हणून स्वतःच सांगितले. सकाळी पाय जमिनीवर टेकवायला किती बळ लागते, तिथपासून. रफीकने प्रथमच मध्ये तोंड घातले नाही. 'नवाबसाब' हा टोमणा त्या दिवशी संपला. पुढे रोज गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तोच भावाला उठवी. दुकान बहुतेक दिवस उघडू लागले. सगळे दिवस नव्हे.

मुंबईच्या संशोधन केंद्राने आठवण म्हणून दिलेले ते चित्र सलीमभाईंनी गल्ल्यामागे चौकटीत लावले होते. आता पाळी नसेल तेव्हा रफीकच दुकान सांभाळतो. परवा मी तिथे बसलो असताना कापड घेणाऱ्या एका बाईंनी त्याला विचारले, "हा कसला फोटो हो?"

"माझ्या भाईच्या मेंदूचा. आजारी होता."

"यात दिसतंय का ते?"

रफीकने कात्री खाली ठेवली.

"नाय. मला त्यानं सांगितलं होतं."