न वाजणारे बूट

पन्नाशी जवळ आल्यावर मी स्वतःसाठी मेटल डिटेक्टर विकत घेतला. खोकं घरी आलं तेव्हा नवऱ्याला वाटलं, मी एअर फ्रायर मागवलाय. उघडून पाहिल्यावर तो म्हणाला, "अगं, हे काय? पुरलेलं धन काढणार आहेस?" मुलीने फोनमधून मान वर न करता, इथल्या बोलीतला 'ला' जोडून मत दिलं, "ममा, सो रँडम ला."

रँडम वगैरे काही नव्हतं. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर सकाळी फिरायला गेले असताना मी एका माणसाला वाळूवरून ते यंत्र हलवत संथ चालताना पाहिलं होतं. कानावर हेडफोन, नजर खाली. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. मला घरी आणि ऑफिसात दिवसभर सगळे काही ना काही विचारत असतात. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. नवरा आंग मो किओला आयटी मॅनेजर आहे, पण बिशानच्या आमच्या फ्लॅटमधलं मीठ कुठल्या डब्यात आहे हे अजून मलाच विचारतो. तेव्हा रविवारची सकाळ आणि तो किनारा, एवढं माझं असावं, असं मला वाटलं.

अडचण पायांची होती. मला शुगर निघून काही वर्षं झाली आहेत आणि बोटांच्या टोकांना स्पर्श जरा कमीच कळतो. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "समुद्रावर खुशाल जा, पण पाय उघडे टाकायचे नाहीत. काच घुसली तर तुम्हाला घरी जाऊन मोजे काढल्यावर कळेल." म्हणून मी पुण्याहून इथे परदेशात येताना आणलेले जुने ट्रेकिंगचे बूट बाहेर काढले. भक्कम, घोट्यापर्यंतचे, सह्याद्री पाहिलेले.

पहिल्याच रविवारी यंत्र सतत वाजायला लागलं. मी हरखले. खणलं, काही नाही. पुढे गेले, पुन्हा वाजलं. पुन्हा खणलं, पुन्हा नुसती ओली वाळू. असे किती रविवार गेले कोण जाणे. घरी आल्यावर नवरा विचारायचा, "काय मग, सापडला खजिना?" मी सांगायचे, "यंत्र फार संवेदनशील आहे. शिकायला वेळ लागतो."

एका रविवारी तो माझ्याबरोबर आला. यायचं कारण डिटेक्टर नव्हता, नंतर खायचा पराठा होता. पायात त्याचे घरचे रबरी फ्लोटर्स. मी पाणी प्यायला बसले तेव्हा त्याने यंत्र उचललं आणि हलवायला लागला. वाजेना. मला आधी वाटलं, त्याने चुकून बंद केलं. मग तो लांबून ओरडला, "अगं, हे तुझ्या बुटांवर वाजतंय! माझ्याकडे गप्प आहे बघ!"

तो परत आला आणि यंत्राची गोल चकती माझ्या उजव्या पायाजवळ धरली. यंत्र किंचाळलं. लेस ओवायच्या पितळी रिंगा, वरचे हूक, सोलच्या पोटात बसवलेली लोखंडी पट्टी, सगळं एकदम बोललं. इतके रविवार मी माझेच बूट शोधत होते. तो पोट धरून हसला. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. आणि त्यानंतर थोड्याच वेळात, माझ्याच यंत्राने, त्याला सोन्याची अंगठी सापडली.

त्याने ती प्रामाणिकपणे पोलीस चौकीत नेऊन दिली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्याच्याशी हात मिळवला. मला त्या अंगठीचा हेवा वाटला नाही, हे खरं आहे. मला हेवा वाटला त्याच्या पायांचा. वाळू तापलेली आहे की गार, शिंपला कुठे टोचतो, हे सगळं कळणाऱ्या त्या निष्काळजी, निरोगी पायांचा. त्याला बुटांचा विचारच करावा लागत नव्हता.

पुढच्या महिन्यात तोआ पायोहला एका मराठी कुटुंबाकडे सत्यनारायण होता. जेवणानंतर नवऱ्याने अंगठीची गोष्ट सांगितली. चांगली सांगतो तो. वाळू, लाट, तो आवाज, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. माझे बूटही त्यात होते, हसण्याच्या जागी. पुरुषमंडळी त्याच्याभोवती जमली. कोणतं मॉडेल, किती खोल जातं, परवानगी लागते का. मी हातात शिऱ्याची वाटी घेऊन उभी होते. यजमानीणबाई प्रेमाने म्हणाल्या, "छान छंद आहे हो यांचा. वहिनी, तुम्हीपण जाता का यांच्याबरोबर?"

"जाते ना," मी म्हटलं.

त्यानंतर आठवडाभरात नवऱ्याने स्वतःचा डिटेक्टर मागवला. माझ्यापेक्षा वरचा. मी बुटांच्या मागे लागले.

बूट शोधणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पहिला जोड ऑनलाइन घेतला, वर्णनात 'मेटल फ्री' असं ठळक लिहिलेलं. बोटांवरची कडक टोपी खरंच प्लास्टिकची होती, पण टाचेत खिळे निघाले. दुसऱ्या जोडात कुठेच धातू नव्हता, पण सोल नुसता डिंकाने चिकटवलेला. इथली दमट हवा आणि खारं पाणी, दोन-तीन रविवारांतच त्याचा जबडा उघडला. तो हातात धरून मी बसस्टॉपपर्यंत आले, त्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. समोरून नवरा फ्लोटर्स फटफटवत, शीळ घालत येत होता.

मग मी शनिवारी संध्याकाळी दुकानं पालथी घालायला लागले. संध्याकाळीच, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. चावलेलं मला कळत नाही, हाच तर प्रश्न. बरोबर जाड मोजे न्यायचे आणि डिटेक्टरबरोबर आलेली एक आखूड कांडी, धातूजवळ नेली की थरथरणारी. लोहचुंबक नेऊन उपयोग नव्हता. पितळेला ते चिकटत नाही.

कामगारांच्या सेफ्टी शूजच्या दुकानात माझ्यासारखी बाई आली की विक्रेते आधी मागे बघायचे, बरोबर कोण पुरुष आहे म्हणून. "अंकलसाठी का?" एकाने विचारलं.

"माझ्यासाठी. चार नंबर."

"चार? चार नाही, आंटी. सहापासून पुढे."

सगळीकडे सहापासून पुढे. बिनधातूचे, टिकाऊ, शिवलेल्या सोलचे बूट ओळीने मांडलेले असायचे, आणि सगळे माझ्या नवऱ्याच्या मापाचे. एका दुकानात तर मी आठ नंबरचा बूट हातात घेऊन वाकवून बघितला, शिवण बघितली, आत हात घालून अस्तर चाचपलं. अगदी हवा तसा. तो परत ठेवताना मला इतका राग आला की मी विक्रेत्याला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

शेवटी एका छोट्या दुकानातल्या मुलीने वरच्या फळीवरून खोकं काढलं. परत आलेला माल होता, कोणा प्रयोगशाळेने मागवलेला. घोट्यापर्यंतचे, कॅनव्हास आणि चामड्याचे, लेससाठी रिंगांऐवजी नाड्याचे फास, सोलला दुहेरी शिवण. मी कांडी फिरवली. पुढे, मागे, तळाला, जिभेखाली. गप्प. पाय घातला. बोटांना पुढे जागा होती, टाच उचलत नव्हती. मी दुकानात एवढ्या फेऱ्या मारल्या की शेवटी ती मुलगी म्हणाली, "आंटी, आता घ्या ना ला, तुम्ही खूश दिसताय."

पुढच्या रविवारी बुटांवर यंत्र शांत होतं. लाटेचा आवाज आणि हेडफोनमधली बारीक गुणगुण. मग वाजलं, आणि खरोखर काहीतरी निघालं. तंबूची खुंटी. मग कॅनची झाकणं, एक चमचा. मी प्रत्येक वस्तू पिशवीत ठेवली. पलीकडे नवऱ्याला साखळी सापडली. अर्थातच.

त्या दिवशी बार्बेक्यूला आलेल्या एका मलाय कुटुंबातल्या आजी नवऱ्याकडे धावत आल्या. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. लाटा अडवायला घातलेल्या बांधावरच्या दगडांजवळ मासे धुताना त्यांच्या बोटातली अंगठी निसटली होती. "अंकल, प्लीज, पाणी चढतंय."

नवरा तरातरा गेला. पण तो बांध म्हणजे शेवाळलेले दगड आणि त्यांना चिकटलेले कालवांचे धारदार शिंपले. दुसऱ्याच पावलाला त्याचा फ्लोटर सरकला आणि तो बसला. पोटरी खरचटली, अंगठ्यातून रक्त आलं.

"थांब, मी जाते," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? तुझी शुगर. तू अजिबात जायचं नाहीस."

"माझ्या पायात बूट आहेत."

मी उतरले. शिंपले सोलखाली करकर मोडत होते. दगडांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर चकती फिरवताना ती दर वेळी माझ्या पावलाला घासून जात होती, आणि वाजत नव्हती. दोन फटींत काही नव्हतं, तिसरीत माशाचा गळ. पाणी घोट्याशी आलं होतं तेव्हा एक भरीव, गोल आवाज आला. मी हात घातला आणि वाळूसकट अंगठी वर आली. बारीक, झिजलेली, एका बाजूला चपटी झालेली.

आजींनी माझे दोन्ही हात त्यांच्या ओल्या हातांत धरले आणि त्या किती वेळ मलायमध्ये बोलत राहिल्या. मला एक शब्द कळला नाही. त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. नवरा अंगठ्याला टिश्यू पेपर गुंडाळून शेजारी बसला होता. त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, "या आंटीने काढली." नवऱ्याने साखळीचा विषयही काढला नाही.

बसमध्ये त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे बूट कुठे मिळाले तुला?"

ते न सांगण्याचा मोह मला झाला. पण त्याचा अंगठा सुजला होता. पुढच्या शनिवारी मी त्याला एका दुकानात घेऊन गेले, जिथे मला चार नंबर मिळाला नव्हता तिथेच. विक्रेत्याने त्याचा पाय बघितला, आत गेला आणि आठ नंबर घेऊन आला. नवऱ्याने बूट घातले, उभा राहिला, म्हणाला, "मस्त. हेच द्या." संपलं. मोजे फुकट मिळाले.

मी बाकावर बसून बघत होते. इतक्या शनिवारांची माझी वणवण आणि याला बूट मिळवायला चहा पिण्याएवढाही वेळ लागला नव्हता.

"चाल ना थोडं," मी म्हटलं. "संध्याकाळी सुजतात पाय. टाच बघ."

"बसलेत गं नीट."

नीटच बसले होते. दुकानातून बाहेर पडल्यावर मी त्याला स्पष्ट सांगितलं, "बांधाचे दगड माझे. तू तंबूंच्या बाजूला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. "बरं," म्हणाला. तेव्हापासून किनारा आम्ही असा वाटून घेतलेला आहे. सोनं अजूनही त्यालाच जास्त सापडतं.